वाटाड्याचें अरण्य

युगांडा देशाच्या नैर्ऋत्येस ब्विंडी नांवाचें डोंगरी अरण्य आहे. त्याचा विस्तार सुमारें ३२० चौरस किलोमीटर असून त्याचें सर्वांत उंच ठिकाण २६०७ मीटरांवर आहे. परदेशी प्रवासी किसोरो गांवाहून पायीं निघतात, ओंडका कोरून केलेल्या होडींतून मुतांडा सरोवर ओलांडतात, न्कुरिंगो येथें मुक्काम करितात आणि मग दाट झाडींतून बुहोमास उतरतात. नेचे, वेली, शेवाळ आणि पायांखालीं निसरडा चिखल. प्रवासी कितीहि विद्वान् असो, वाटाड्या थांबला कीं त्यास थांबावेंच लागतें.

ह्या वनांत डोंगरी गोरिला राहतात. पडसें झालेल्या मनुष्यास त्यांजवळ जाऊं देत नाहींत, कारण माणसाचा रोग त्यांस जडतो. एका कळपाकडे आठांहून अधिक पाहुणे नेत नाहींत, व तासाभरांत त्यांस परत फिरवितात. हा नियम आम्हांस फार आवडला. ह्या काळजीचें फळहि दिसून आलें आहे : १९९७ सालीं येथें सुमारें ३०० गोरिला होते, २०१८ सालच्या गणतींत, लगतचें कांगोमधील वन धरून, ४५९ आढळले.

परंतु ह्या काळजीस दुसरी बाजू आहे. १९९१ सालीं हें अरण्य राष्ट्रीय उद्यान झालें, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें मध, कंदमुळें व लहान शिकार ह्यांवर जगणारे बात्वा लोक बाहेर पडले. त्या भागांत ज्यांनीं वन तोडून शेतें केलीं होतीं अशा कित्येकांस मोबदला मिळाला. बहुतेक बात्वांस कांहींच मिळालें नाहीं, कारण त्यांचें शेत नव्हतें. ज्यानें झाडास कुऱ्हाड लाविली त्याचा हक्क कागदावर उतरला. ज्यानें ती लाविली नाहीं त्याचा हक्क कशावरून ओळखावा, हें कोणास सुचलें नाहीं. पुढें कांहीं धर्मादाय मंडळ्यांनीं कित्येकांस जमीन विकत घेऊन दिली खरी.

कोणी म्हणेल, वन राखलें नसतें तर गोरिला उरलेच नसते. हें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. भोंवतालीं शेतांची दाटी आहे आणि फांस लावणारेहि आहेत. तरी आम्हीं असें विचारतों : गरिबाचें बीं न विचारतां नेऊन पेरलें व पीक उत्तम आलें, तर तेवढ्यानें बियाचें देणें फिटतें काय? २०२१ सालीं युगांडाच्या संविधान न्यायालयानेंहि बात्वांस पुरेसा मोबदला मिळाला नाहीं असेंच ठरविलें.

मग प्रवाशानें तेथें जाऊंच नये काय? तसेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. त्याच्या पैशावर रखवालदार व वाटाडे ह्यांची पोटें चालतात. २०२० सालीं महामारीमुळें प्रवासी बंद असतांना न्कुरिंगोच्या कळपाचा रफीकी नांवाचा म्होरक्या शिकाऱ्याच्या भाल्यानें मेला. जाणाऱ्यानें एवढें करावें, कीं आपण कोणाच्या घरांतून चाललों आहों हें वाटाड्यास विचारावें, व उत्तर ऐकून घ्यावें.

आज कांहीं बात्वा पाहुण्यांस वनाच्या कडेस नेतात आणि लांकडावर लांकूड घांसून विस्तव कसा करावा, मध कोठून काढावा, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर चालतो, हें करून दाखवितात. ह्याचे पैसे त्यांस मिळतात. दिवस मावळण्यापूर्वीं पाहुणा आपल्या मुक्कामास जातो, आणि वाटाड्याहि वनाबाहेर येतो; तेथें राहण्याची त्यास परवानगी नाहीं.