पुरावा न उरलेली गुप्तहेर

‘द गॅलरी ऑफ मादाम लिऊ त्सुंग’ ही मालिका मी पाहिलेली नाही. तुम्हीही पाहिलेली नाही, आणि यापुढे कुणाला पाहायला मिळेल अशी आशा फारशी नाही. २७ ऑगस्ट ते २१ नोव्हेंबर १९५१ या तीन महिन्यांत अमेरिकेच्या ड्युमाँट वाहिनीवर तिचे अर्ध्या अर्ध्या तासाचे जेमतेम दहा भाग झाले. नायिका चिनी कलावस्तूंचा व्यापार करणारी. गॅलरी तिची स्वतःची, आणि त्या धंद्यातूनच तिच्यासमोर गुन्हे येत, ती त्यांचा छडा लावी. भूमिका केली होती ॲना मे वाँगनं. आशियाई वंशाच्या कलावंताला मुख्य भूमिका देणारी ही अमेरिकेतली पहिली टीव्ही मालिका.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती बारीकशी गोष्ट म्हणजे नायिकेचं नाव. लॉस एंजेलिसच्या एका लाँड्रीवाल्याच्या घरात १९०५ साली जन्मलेल्या ॲनाचं पाळण्यातलं नाव लिऊ त्सुंगच. भूमिका तिच्यासाठीच लिहिली होती.

हे एवढं का मोलाचं, ते कळायला तिचे आधीचे चित्रपट आठवावे लागतात. ‘द टोल ऑफ द सी’ (१९२२) मध्ये, सतरा वर्षांची असताना, ती गोऱ्या नवऱ्याच्या गोऱ्या बायकोच्या हाती मूल सोपवून समुद्रात जीव देते. ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ (१९३१) मध्ये ती फू मांचू या कपटी चिनी खलनायकाची सूड घेणारी मुलगी. बिचारी मरणारी किंवा दुष्ट मारणारी, चिनी बाईसाठी हॉलिवूडच्या पेटाऱ्यात एवढेच दोन मुखवटे होते. पुढे पर्ल बकच्या ‘द गुड अर्थ’ या कादंबरीवर चित्रपट निघाला तेव्हा शेतकरीण ओ-लानची भूमिका तिला हवी होती. पण नवऱ्याच्या भूमिकेत पॉल म्युनी हा गोरा नट, आणि पडद्यावर भिन्नवंशीय जोडपं दाखवायला त्या वेळच्या चित्रपटसंहितेची मनाई. ओ-लान झाली लुईझ रायनर ही गोरी नटी. तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं.

अशा अनुभवांतून गेलेल्या ॲनानं छेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर यावं ते स्वतःच्या नावानं, स्वतःच्या दुकानात बसून, इतरांचे गुन्हे उलगडायला! मालिका उत्तम होती, असं मात्र मी म्हणणार नाही. ड्युमाँट ही कायम पैशांच्या ओढाताणीत असलेली वाहिनी. त्यामुळे मालिका साधारणच असण्याची शक्यता जास्त. हरवलेल्या कलाकृतीला परस्पर थोर ठरवण्याचा मोह आपल्याला फार होतो. साधारण मालिकेतही तिला नायिका होता आलं, मला तेवढं पुरतं.

१९५२ साली पुढचं पर्व होणार नाही हे ठरलं, आणि १९५६पर्यंत वाहिनीही आटोपली. त्या काळी पडद्यावरचं प्रक्षेपण फिल्मवर टिपून ठेवत, त्याला किनेस्कोप म्हणत. ड्युमाँटच्या किनेस्कोपांचं काय झालं, ते अभिनेत्री ईडी ॲडम्सनं १९९६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे सांगितलं. सत्तरच्या दशकात, रात्री दोन वाजता, तीन अवाढव्य ट्रक भरून तो सारा साठा बंदरावर नेला आणि न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवला. साठा सांभाळण्याचा खर्च कुणी करायचा, यावर वाद होता म्हणे.

या बेपर्वाईला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही, आणि मूकपटांची गतही वाईटच. तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी निदान त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचा.