वार्धक्य देवाचें, पण उपासमार कोणाची?

आपल्या मंडळ्यांत एखादी आजी अशक्त होऊन खाटेवर पडली, किंवा आजोबांस पोटच्या मुलाचें नांव आठवेनासें झालें, म्हणजे ‘वय झालें, देवाची इच्छा’ असें म्हणून घरचीं माणसें मोकळीं होतात. हें बोलणें भक्तीचें दिसतें. पण तें सर्वस्वीं खरें आहे काय? जें देवाकडून आलें तें नम्रपणें सोसावें; परंतु जें आपल्या हयगयीनें घडतें तें देवाच्या माथीं मारणें यास भक्ति कोण म्हणेल? हा भेद ओळखणें ख्रिस्ती घराचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.

वैद्यशास्त्रानें या भेदाचा पुष्कळ शोध केला आहे. सन २००१ त अमेरिकेंतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांचे सहकारी यांनीं जर्जरतेचीं पांच लक्षणें ठरविलीं : आपोआप वजन घटणें, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणें, चाल मंदावणें व हालचाल कमी होणें. यांपैकीं तीन दिसलीं म्हणजे तें माणूस जर्जर समजतात. या लक्षणांत वयाची गणना नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. सत्तरीचा एक गृहस्थ शेतावर जातो आणि त्याच वयाच्या दुसऱ्यास उंबरा ओलांडवत नाहीं. याचें एक मोठें कारण ताटांत असतें. वृद्धाचें मांस लवकर झिजतें. म्हणून त्यास वजनाच्या दर किलोमागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें, म्हणजे डाळी, दूध, अंडीं यांतील सत्त्व, मिळावें, असा सल्ला सन २०१३ त अनेक देशांच्या तज्ज्ञांनीं दिला. हें प्रमाण तरुणांपेक्षां अधिक आहे.

आपल्याकडे रीत उलटी. ‘म्हाताऱ्या माणसास काय लागतें? कोरभर भाकरी पुरे.’ दांत पडलेले, ज्वारीची वाळकी भाकरी चावत नाहीं. म्हातारी ती चहांत बुडवून गिळते व वरणाची वाटी नातवाकडे सारते. दिवाळीनंतर तरणीं माणसें ऊसतोडीस गेलीं, म्हणजे एकट्यापुरती चूल पेटवावीशीही तिला वाटत नाहीं.

विसराचेंही असेंच आहे. सन १९०६ त जर्मनींत डॉ. आल्झायमर यांनीं एका विसरभोळ्या झालेल्या बाईच्या मेंदूंतील विकृति दाखविली. ही बाहेरची बाधा नाहीं, मेंदूचा रोग आहे. आपल्या देशांत साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज सन २०२३ त प्रसिद्ध झाला. शहरांपेक्षां खेड्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें. हा रोग पूर्ण बरा करणारें औषध अद्याप नाहीं. तरी कांहींचा विसर ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें, थायरॉइडच्या विकारानें किंवा मनाच्या खिन्नतेनें येतो, व उपचारानें सुधारूं शकतो. फिनलंडांत १,२६० वृद्धांवर दोन वर्षें प्रयोग झाला. ज्यांस योग्य आहार, व्यायाम, बुद्धीस चालना व रक्तदाबाची देखरेख हीं मिळालीं, त्यांची बुद्धि इतरांपेक्षां चांगली राहिली, असें सन २०१५ त जाहीर झालें. बहिरेपण व एकटेपण यांनींही हा रोग बळावतो.

कोणी म्हणेल, ‘लेंकरांसच पुरत नाहीं, तर म्हातारीस अंडें कोठून आणावें?’ हा प्रश्न खोटा नाहीं, व दुष्काळी मुलुखांत त्यास तुच्छ लेखण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परंतु रूथ स्वतः दुसऱ्याच्या शेतांत सरवा वेंचीत होती, तरी आपल्या जेवणांतून उरलेलें तिनें सासूकरितां राखून आणलें. थोड्यांतलें थोडें प्रथम कोणापुढें ठेवावें, एवढाच तिच्यापुढें प्रश्न होता.

दुसरा कोणी म्हणेल, ‘ज्यास आम्ही ओळखूं येत नाहीं, त्यास मान कशाचा?’ खर्ड्याचें नांव निघालें कीं लोक १७९५ ची लढाई आठवतात. सव्वादोनशें वर्षांपूर्वींचे मेलेले आपण स्मरणांत ठेवितों, आणि जिवंत आजी विसरूं लागली कीं तिला हांक मारणेंही सोडतों! पांचव्या आज्ञेंत आईबापांच्या स्मरणशक्तीची अट घातलेली नाहीं. देव आपणांस स्मरतो तो आपण त्यास स्मरतों म्हणून काय? तसें असतें तर आपल्यांतील कोण उरता?

मग करावें काय? खर्डें ज्या जामखेड तालुक्यांत आहे, तेथेंच सन १९७० त डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें आरोग्याचें काम आरंभिलें. अक्षरओळख नसलेल्या गांवच्या स्त्रिया बालकांचें वजन करून कुपोषण ओळखण्यास शिकल्या. सन १९७९ त त्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलाचें घटलेलें वजन त्या स्त्रियांस दिसलें, तर म्हातारीच्या हातांतील सैल झालेल्या बांगड्या आपल्या उपदेशकांस व बायबल-बायांस कां दिसूं नयेत?

म्हणून, प्रिय बंधूंनो, वृद्धाच्या घरीं प्रार्थनेस बसण्यापूर्वीं ‘काल काय जेवलां?’ असें विचारा. भाकरी वरणांत कुस्करून द्यावयास सांगा. विसर वाढला असेल तर दवाखान्यांत नेऊन रक्त, डोळे व कान तपासवा. घटकाभर जवळ बसून त्यांस नांवानें हांक मारा. इतकें करूनही जो विसर व जी दुर्बळता राहील, ती देवाच्या हातीं खुशाल सोंपवावी; पण त्यापूर्वीं ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपणांस नाहीं.