आपल्यांनी झाडलेली गोळी

आमच्या विद्यार्थी संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी तीन वर्षं ॲडमिन होतो. पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या पैशांचा हिशोब आमच्याच एका कार्यकर्त्याकडे अडकला होता. एका मित्राने तो ग्रुपवर मागितला. एकदा, दोनदा, मग रोज. निवडणूक आठ दिवसांवर होती. ‘विरोधकांच्या हातात कोलीत देऊ नकोस,’ असं मी त्याला आधी फोनवर सांगितलं. ऐकेना, तेव्हा ग्रुपमधून काढलं. आम्ही स्वतःला समाजवादी म्हणवतो, हे सांगून टाकलेलं बरं.

हिशोब नंतर बरोबर निघाला. त्यामुळे प्रकरण मिटलं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग १९५४ सालातली एक गोष्ट वाचनात आली आणि ते पुन्हा उकरलं गेलं.

सप्टेंबर १९५२ मध्ये समाजवादी पक्ष आणि आचार्य कृपलानींचा किसान मजदूर प्रजा पक्ष एकत्र आले आणि प्रजा समाजवादी पक्ष तयार झाला. दीड वर्षात त्रावणकोर-कोचीनमध्ये (आजच्या केरळचा मोठा भाग) त्याचा मुख्यमंत्री झाला: पट्टम थानू पिल्लै. ११७ जणांच्या विधानसभेत पक्षाचे आमदार १९. बाहेरून काँग्रेसचा टेकू. त्याच वेळी दक्षिण त्रावणकोरमधल्या तमिळ भाषकांचं आंदोलन पेटलं होतं. त्यांना आपले तालुके मद्रास राज्यात हवे होते. ११ ऑगस्ट १९५४ ला आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसं मेली.

पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तेव्हा अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात होते. उत्तर प्रदेशात कालव्याच्या पाण्यावरच्या वाढीव आकारणीविरुद्ध आंदोलन केलं म्हणून त्यांना पकडलं होतं. तुरुंगातून त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला तार केली: राजीनामा द्या, चौकशी करा.

सरकारने राजीनामा दिला नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूरला पक्षाचं खास अधिवेशन भरलं, तिथे बहुमत लोहियांच्या विरोधात गेलं. त्यांनी सरचिटणीसपद सोडलं. आणि ज्या सरकारसाठी एवढं रामायण घडलं, ते पुढच्या फेब्रुवारीत तसंही पडलं.

आज ही गोष्ट ऐकताना आपण पटकन लोहियांच्या बाजूला जाऊन बसतो. मीही बसलो. निःशस्त्र लोकांवर गोळी चालवणं काँग्रेसच्या सरकारने केलं तर पाप आणि आपण केलं तर कायदा-सुव्यवस्था, असं कसं चालेल? दीडेक वर्षाने, जानेवारी १९५६ मध्ये, संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर मुंबईत मोरारजी देसाईंच्या सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा जाब विचारणाऱ्यांत प्रजा समाजवादी पक्ष पुढे होता. एस. एम. जोशी तर संयुक्त महाराष्ट्र समितीचे नेतेच. मुंबईतला तो जाब शंभर टक्के योग्य होता. पण तिकडे दक्षिणेत मेलेली माणसंही भाषेचाच प्रश्न घेऊन रस्त्यावर आली होती. शिवाय त्यांची मागणी इतकी रास्त होती की १ नोव्हेंबर १९५६ ला कन्याकुमारी जिल्हा मद्रास राज्यात गेलाच.

तरीही नागपुरात विरोधी मत देणाऱ्यांना भित्रे किंवा खुर्चीला चिकटलेले म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्या जागी बसून बघा. पक्ष दोन वर्षांचा, दोन वेगळ्या घरांतून आलेला. हातात जेमतेम एक सरकार. काँग्रेसची सरकारं गोळीबार करून खुशाल टिकत होती. मग नैतिकतेची परीक्षा फक्त आपणच द्यायची, आणि नापास झालो की दुकान बंद करायचं? आणि आमदारांना निवडून दिलं मतदारांनी. सरचिटणीसाने त्यांना तारेने घरी जा म्हणायचं, हा अधिकार कुठून आला?

हा शेवटचा प्रश्न जुना झालेला नाही. पक्ष म्हणजे विधिमंडळातले आमदार की बाहेरची संघटना, यावर महाराष्ट्राने अलीकडे कोर्टकचेऱ्या पाहिल्या. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. पण आपल्याकडचं भांडण खुर्ची कोणाकडे राहणार याचं होतं. लोहियांचं भांडण खुर्ची सोडण्यासाठी होतं. कायदा पहिल्या भांडणात पंच होऊ शकतो, दुसऱ्यात त्याला काही कामच नाही.

लोहियांनी पक्षांतर्गत शिस्तीसाठी एक सूत्र मांडलं होतं: वाणीचं स्वातंत्र्य, कर्मावर नियंत्रण. सभासदाने हवं ते बोलावं, पण कृती मात्र पक्षाच्या निर्णयानुसार करावी. फार सुंदर वाटतं. मी ते आमच्या ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येही टाकलं होतं, आणि त्याच डिस्क्रिप्शनखालून मित्राला काढलं होतं.

पण सूत्राची अडचण ढोंगापुरती नाही. नैनीहून गेलेली तार ही वाणी की कर्म? साध्या सभासदाने ती केली असती तर मत. सरचिटणीसाने केली की ती पक्षाची आज्ञा होते, बातमी होते, सरकार डळमळतं. पद जितकं मोठं, तितकं माणसाचं नुसतं बोलणं उरतच नाही. मग ज्याच्या बोलण्याला वजन आहे त्यानेच गप्प बसायचं? तसं केलं, तर ज्यांच्या बोलण्याने काही बिघडत नाही एवढ्यांनाच स्वातंत्र्य उरेल. मला वाटतं लोहिया गोळीबाराबाबत बरोबर होते, तार पाठवण्याबाबतही बरोबर होते, आणि हे दोन्ही कुठल्याही शिस्तीच्या नियमात बसवता येत नाही. नियमाने त्यांना चूक ठरवलं असतं तरी मी त्यांच्याच बाजूने मत दिलं असतं.

याची किंमत मात्र मोठी पडली. १९५५ मध्ये आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. अशोक मेहता काँग्रेसशी सहकार्याची भाषा करत होते. मुंबईत मधु लिमयांनी त्यावर जाहीर टीका केली, म्हणून पक्षाने त्यांना निलंबित केलं. उत्तर प्रदेशच्या शाखेने त्यांना आपल्या अधिवेशनाला बोलावलं, तर तिच्यावरही कारवाई झाली. मग लोहियांवर. निलंबित लिमये जुलैमध्ये गोव्याच्या सत्याग्रहात गेले, पोर्तुगीजांनी त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. घरात बेशिस्त ठरलेला माणूस बाहेर इतका शिस्तीचा निघतो, याची पक्षाच्या पुढाऱ्यांना तेव्हा लाज वाटली असेल का, कोण जाणे.

१९५५ सरता सरता हैदराबादला लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला. आता सूत्र लागू करायला आडकाठी नव्हती. पण लोक त्याला ‘लोहियांचा पक्ष’च म्हणत राहिले, आणि ज्या पक्षाला एका माणसाच्या नावाने ओळखतात तिथे त्या माणसाविरुद्ध बोलण्याचं स्वातंत्र्य कागदावर किती आणि बैठकीत किती, हे वेगळं सांगायला नको. १९६७ मध्ये बिहारमध्ये बी. पी. मंडल लोकसभेवर निवडून आलेले असताना राज्यात मंत्री झाले. लोहियांनी तत्त्वाचा आग्रह धरला: खासदाराने खासदारच राहावं. मंडल बाहेर पडले, वेगळा गट केला, सरकार पाडलं आणि थोडे दिवस मुख्यमंत्रीही झाले. पट्टम यांचं म्हणाल तर, ते १९६० मध्ये काँग्रेसच्या साथीने केरळचे मुख्यमंत्री झाले आणि पुढे पंजाबचे राज्यपाल.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मित्राला फोन केला. ग्रुपमध्ये परत घेतो म्हणालो.

‘हिशोब चुकीचा निघाला असता तर काय केलं असतंस?’ त्याने विचारलं.

‘निवडणूक झाल्यावर बोललो असतो.’

‘कुठली निवडणूक?’ तो म्हणाला.