सोडल्यानंतरची संध्याकाळ

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता घोडे नाहीत. नाव तेवढे पोलोचे राहिले. बाकी लहानमोठे कारखाने, वीज कंपनीची कचेरी, लेथचा आवाज आणि तेलाचा वास. तेथील एका कारखान्यात काम करणारा एक मराठी कारागीर प्रथम माझ्याकडे आला तो अशिलाच्या नात्याने. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्यापाशी कागद नव्हते, प्रश्न होता. दारू सोडून त्याला चाळीस दिवस झाले होते. तो म्हणाला, "वकीलसाहेब, जो तो सांगतो, मन प्रसन्न ठेव. सकाळी जमते. संध्याकाळी सुटी होऊन फाटकाबाहेर पडलो, की एका अंगाला कलाली आणि एका अंगाला घर. मी घरी जातो. पण प्रसन्न कसे व्हायचे, ते कोणी सांगत नाही."

प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. वर्षानुवर्षे मद्याच्या संगतीत राहिलेला मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मद्य गेले की झोप तुटते, चित्त उदास होते, एरवी गोड लागणाऱ्या गोष्टी अळणी लागतात. हे काही आठवडे, कित्येकदा महिनेही चालते. फार पिणाऱ्याने तर डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकाएकी सोडणेही धोक्याचे. आकडी येते, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. तेव्हा चाळिसाव्या दिवशीची उदासी ही श्रद्धेतील उणीव नव्हे, अर्धी भरलेली जखम आहे. जखमेला कोणी 'हस' म्हणत नाही.

आपण देवळात जाणारी माणसे मात्र असे म्हणतो खरे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात चित्ताच्या प्रसन्नतेला 'प्रसाद' हाच शब्द आला आहे, आणि तो इंद्रियसंयमानंतर येतो, आधी नव्हे. आधी आवर, मग प्रसाद, असा तो क्रम आहे. आपण तो उलटा करून बसलो आहोत. चाळीस दिवसांच्या आवरावर आपण प्रसन्नतेची पावती मागतो आणि ती मिळाली नाही की त्याच्या निश्चयावरच संशय घेतो.

प्रसादावरून आठवले. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी तीर्थस्थानी 1 एप्रिल 2025 पासून दारूची दुकाने बंद झाली; पण उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचाच नैवेद्य दाखवण्याची प्रथा आहे आणि उरलेले भक्ताच्या हाती परत येते. त्या कारागिराने विचारले, दर्शनाला गेलो आणि ते घेतले नाही तर अपराध होईल का? मी सांगितले, हात जोडून परत ये. नारळ वाहा, फूल वाहा. ज्याने काळाला धाक घातला तो देव तुझ्या ओंजळीचा पंचनामा करीत बसणार नाही. या उत्तराला शास्त्राधार काय, असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला नंतर विचारले. असो.

मग या दिवसांत माणसाने धरावे काय? अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी 1935 साली एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्याने पोळलेले, एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. त्यातून निघालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना पुढे आपल्याकडेही रुजली. तिचा आग्रह जन्मभराच्या शपथेवर नाही, आजच्या दिवसावर आहे. मला हा विचार व्यवहार्य तसाच खोलही वाटतो. जन्मभराची शपथ माणसाला भविष्याच्या ओझ्याखाली वाकवते. एका संध्याकाळीएवढी आशा उचलता येते. आशा आणि प्रसन्नता या दोन भिन्न वस्तू आहेत. उदास चित्तानेही माणूस घराच्या वाटेला लागू शकतो. ते लागणे हीच त्या दिवसाची आशा.

परंतु एवढ्यावर थांबलो तर सारा भार त्या एकट्यावर टाकल्यासारखे होईल. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर माझ्याच व्यवसायातला, म्हणून असेल, तो मला फार सलतो. पहिल्या पेल्याची चर्चा सगळे करतात. मला सलते ते पुढचे: तो एकदा खरोखर सोडतो, काम मागत हिंडतो, आणि पूर्वीच्या ओळखीचे सभ्य लोक त्याला दारातून परतवतात. त्यानंतरच्या पेल्यात त्या सभ्य लोकांचा काहीच वाटा नव्हता काय?

कायद्यात पुराव्याचा भार विधान करणाऱ्यावर असतो. पण 'मी पीत नाही' हे नकारार्थी विधान आहे. ते कोण, कोणत्या दिवशी, संपूर्ण सिद्ध करणार? असे विधान निकालापर्यंत लोंबकळत ठेवले तर निकाल माणसाच्या मरणानंतरच लागेल. म्हणूनच जामीन ही सोय आहे. तो निकालाआधी देतात, आणि देणारा स्वतः काही जोखीम पत्करतो. पुण्याच्या मुक्तांगणाचे काम 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. तेथे रुग्णाबरोबर कुटुंबाशीही बोलतात, पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवतात, आणि घसरून परत आलेल्याला पुन्हा आत घेतात. घरच्यांचा विश्वासही आजारी पडलेला असतो, हे त्यांनी ओळखले आहे.

हे सारे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, पण गेल्या गणेशोत्सवाआधी आमच्या मंदिराच्या समितीत कोठीच्या किल्लीचा विषय निघाला. कोणीतरी त्याचे नाव सुचवले. "एखादे वर्ष जाऊ द्या, मग पाहू," असे म्हणणारा मीच होतो. तो दाराशी चपलांजवळ बसला होता. त्याने ऐकले, आणि नेहमीप्रमाणे सतरंज्या घडी करून निघून गेला.

दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी समितीच्या इतरांशी बोलून, जबाबदारी माझ्या नावावर लिहवून, मी किल्ली घेतली आणि संध्याकाळी पोलोग्राउंडवर त्याच्या फाटकाशी उभा राहिलो. तो बाहेर आला. मी किल्ली पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, खिशात टाकली आणि विचारले, "सकाळी किती वाजता उघडायची?"

मी म्हणालो, "पाच वाजता."