नाणेफेक आणि पत्रिका

कै. डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली ज्योतिषाची परीक्षा योजिली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका मिळविल्या. प्रत्येक ज्योतिषास त्यांतील ४० देऊन मूल कोणत्या वर्गातले, एवढेच विचारिले. २७ जणांनी उत्तरे धाडिली. बरोबर ठरली शेकडा ४६. नाणे उडविले असते तरी ५० च्या आसपास येती! हे सर्वणातील कोणाही आजीस समजेल. शास्त्र लोकांस सांगावे ते असे.

पंचांगातील ग्रहण वेळेवर लागते, म्हणून भविष्यही खरे, असे यजमान मानतात. ग्रहण गणिताने येते, हे त्यांस सांगणार कोण? आम्हां भटांच्या घरी पत्रिकेची दक्षिणा येते. तथापि मुलीचे चांगले स्थळ पत्रिकेपायी मोडत असता गप्प बसणे आम्हांस साधणार नाही. मग दक्षिणा बुडाली तरी बुडो.