छावणी सात दिवस थांबली

(आधारवचने : गणना, अध्याय १२, वचने १० ते १६)



मोशेविरुद्ध बोलल्यामुळे मिर्यामेचे अंग कोडाने बर्फासारखे पांढरे झाले, अहरोनाने तिच्यासाठी काकुळती केली, मोशेने देवाचा धावा केला, आणि तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवावे अशी आज्ञा झाली. एवढी कथा आपल्या शब्बाथशाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु पंधराव्या वचनाचा उत्तरार्ध वाचताना आपण बहुधा घाई करतो. मिर्यामेस पुन्हा आत आणीपर्यंत लोकांनी कूच केले नाही, असे तेथे लिहिले आहे. पहिल्या अध्यायातील शिरगणतीप्रमाणे वीस वर्षांवरील पुरुषच ६,०३,५५० होते. त्यांच्या बायका, लेकरेबाळे, गुरेढोरे, सामानसुमान निराळेच. एवढा समुदाय वचनदत्त देशाच्या वाटेवर असता एका आजारी बाईसाठी हसेरोथ येथे सात दिवस बसून राहिला.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवितो. मिर्यामेचा रोग तिच्या अपराधाशी जोडलेला होता म्हणून प्रत्येक रोग्याचा रोग त्याच्या पापाचे फळ आहे, असे कोणी समजू नये. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला तेव्हा प्रभूने तो विचार साफ खोडून काढिला (योहान, अध्याय ९). आम्ही ही कथा घेतली ती दुसऱ्याच कारणासाठी. चालत्या वाटेवर एखाद्यास स्पर्शजन्य रोग झाला, तर त्याने काय करावे व त्याच्या सोबत्यांनी काय करावे, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पवित्र शास्त्रात एकाच ठिकाणी सापडते ते येथे.

आता आमचा स्वतःचा अपराध सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. दोन वर्षांमागे नाताळाच्या आदल्या आठवड्यात आम्ही गगनबावड्याच्या रस्त्यावरील एका लहान मंडळीस भेट देण्यास निघालो. अंगात दोन दिवस ताप होता, खोकला सुटला होता. घरच्या मंडळींनी जाऊ नका म्हणून सांगितले. परंतु प्रभूच्या कामास निघालेल्या सेवकाने तापाची काय पर्वा करावी, अशा घमेंडीत आम्ही रंकाळा स्टँडवर एस. टी. धरिली, कळे येथे उतरलो आणि तेथून वडापात बसलो. वडापात माणसे कशी कोंबिली जातात हे वाचकांस सांगावयास नको. दिवस थंडीचे, म्हणून पडदे घट्ट ओढिलेले. एक तरुण बाई महिन्या-दीड महिन्याचे बाळ घेऊन चढली. आम्ही मोठ्या सभ्यपणे सरकून तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. वाटेत आम्ही तोंडावर हात धरून खोकत होतो, आणि बाळ हसले तेव्हा त्याच हाताने आम्ही त्याच्या गालास स्पर्श करून त्यास आशीर्वाद दिला. पुढे एका फाट्यावर ती बाई उतरून गेली. त्या संध्याकाळी आम्ही शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी उपदेश केला.

आठ दिवसांत त्या मंडळीतील अकरा माणसे तापाने अंथरुणास खिळली. त्यांतील एका वृद्ध वडिलांचा ताप छातीत उतरला व त्यांस रुग्णालयात ठेवावे लागले. देवाच्या कृपेने ते बरे झाले, आणि आम्ही त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी ती हसत दिलीही. परंतु त्या बाळाचे काय? त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. वेदीपाशी अर्पण आणिले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५). पण ज्या भावाचे आम्ही देणे लागतो तो फाट्यावर उतरून गेला आहे. चोरी केली तर धनी सापडतो, शिवी दिली तर ज्यास दिली तो समोर असतो. गाडीत बसून रोग वाटणारा मनुष्य मात्र कोणाचे किती बुडविले हे न कळता घरी जातो आणि सुखाने झोपतो. म्हणून ह्या पापाची टोचणी कोणास लागत नाही.

आणि वाटेने रोग किती दूर जातो हे आपल्या मुलखास नवे नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली. तिने व्यापार आणिला, शिक्षण आणिले, मिरजेस १८९४ साली डॉक्टर वॉनलेस ह्यांनी रुग्णालय उघडिल्यावर हजारो रोग्यांस तेथवर पोहोचविले. तथापि गाडी रोग्यास नेते तशी रोगासही नेते. १८९६ साली मुंबईस ग्रंथिक ज्वर, म्हणजे प्लेग, सुरू झाला व तेथून पळालेल्या लोकांबरोबर गावोगाव गेला. उंदरांवरील पिसवा हे त्याचे वाहन, आणि त्या पिसवा गाठोड्यांतून व धान्याच्या पोत्यांतून प्रवास करीत. १९१८ साली मानमोडीचा ताप मुंबई बंदरात उतरला आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर पसरला. त्या एका वर्षात हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. मग २०२० सालचा मार्च महिना. रेल्वेने प्रवासी गाड्या बंद केल्या, एस. टी. थांबली, आणि मुंबई-पुण्याहून परतलेली आपलीच लेकरे गावच्या शाळेत चौदा चौदा दिवस वेगळी ठेवावी लागली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

कायदाही ह्या बाबतीत मुका नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात स्पर्शजन्य रोग्याच्या प्रवासास अटी घातल्या होत्या. १९८९ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमात, ठरविलेल्या रोगांपैकी रोग असलेल्याने रेल्वेच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून डब्यात शिरू नये, आणि परवानगी देणाऱ्याने त्यास इतरांपासून वेगळे बसविण्याची तजवीज करावी, असे घातले. निष्काळजीपणाने प्राणघातक रोग पसरविणे हा पूर्वीच्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेप्रमाणेही आहे. परंतु वडापात कोण कलम पाहतो? कंडक्टर तिकीट फाडील, नाडी पाहणार नाही.

मग मनुष्य रोग लपवून गाडीत का बसतो? सर्वच निष्ठुर असतात असे नाही. प्लेगच्या दिवसांत आगगाडीतून उतरवून प्रवाशांस तपासीत, बायकांच्या काखेत गाठ आहे की काय हे चारचौघांत पाहत; त्यामुळे लोक रोग्यास घोंगडीखाली दडवू लागले. ज्या वैद्यकीने माणसाची अब्रू घेतली, तिच्यापासून माणसाने रोग चोरून ठेविला. आज तसे तपासनीस नाहीत, पण लाज आहे. क्षय झाला हे कळले तर मुलीचे लग्न मोडेल, ही धास्ती आहे. एक दिवस घरी बसले तर रोज बुडतो, ही तर उघड अडचण आहे. उसाच्या फडात जाणाऱ्या बाईस ताप आला म्हणून मुकादम थांबत नाही. तिला आम्ही रिकाम्या हातांनी "घरी रहा" असा उपदेश केला, तर याकोबाच्या पत्रात उपाशी मनुष्यास ऊब घे, तृप्त हो म्हणून वाटेस लावणाऱ्याचे जे वर्णन आहे, ते आम्हांसच लागू पडेल.

दुसऱ्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मंडळ्यांत अधिक आढळतो. पुष्कळ लोक ज्यास भ्यावे त्यास भीत नाहीत आणि ज्यास भिऊ नये त्यास भितात. हाताची बोटे झडलेला मनुष्य एस. टी. त चढला की लोक नाक मुरडून उठतात. वास्तविक महारोग सहजासहजी लागत नाही; बहुतेक माणसांच्या अंगी त्याच्याविरुद्ध उपजत शक्ती असते, आणि औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून तो पसरणे लवकरच थांबते. बोटे झडलेली असणे ही बहुधा जुन्या, बरे झालेल्या रोगाची खूण असते. त्याच्या शेजारून उठून आपण ज्या बाकावर जाऊन बसतो, तेथे गोवर अंगावर फुललेले मूल आईच्या मांडीवर असते, आणि त्याचे आपण लाड करितो! गोवर तर इतका वेगाने लागतो की रोगी निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत त्याचे विष बंद हवेत राहू शकते, आणि लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांस तो धरू शकतो.

म्हणून थोडे ज्ञान जवळ असू द्यावे. गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागतो. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरीपर्यंत मुलास गाडीत नेऊ नये. गर्भिणीस त्या विशेष घातक आहेत. साधा वाटणारा फ्लू पहिले पाचसात दिवस लागतो. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ते नीट सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत बहुतेक रोग्यांपासून इतरांस असणारा धोका पुष्कळ कमी होतो; म्हणून औषध घेणाऱ्या क्षयरोग्यास जन्मभर वाळीत टाकणे हे अज्ञान आहे. औषधांस न जुमानणारा क्षय असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तोवर थांबावे. आपल्या आजीबाई देवी-गोवराच्या घरी दारास कडुलिंबाचा डहाळा बांधीत. त्यांच्या समजुती काही असोत, तो डहाळा पाहून परका मनुष्य उंबऱ्याबाहेर थांबे, एवढे काम तो चोख करी.

आता कोणी म्हणेल, रोग्याने प्रवासच करू नये तर मिरजेस किंवा सी. पी. आर. मध्ये उडत जावे काय? नाही. दवाखान्यात जाणे हे थांबवू नये. प्राणावर बेतले असेल तर १०८ ह्या क्रमांकावर फोन करावा. ती गाडी फुकट येते. तसे नसेल आणि एस. टी. नेच जाणे भाग असेल, तर बाजाराच्या दिवसाची पहिली गाडी सोडून दुपारची रिकामी गाडी पाहावी. नाकातोंडावर मुखपट्टी, ती नसेल तर पदर किंवा उपरणे दुहेरी करून घ्यावे. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात रोग्याने आपले तोंड झाकावे असे सांगितले आहे, त्याचा ह्या कामी विचार करण्यासारखा आहे. खिडकीशी बसावे व ती उघडी ठेवावी. खिडकीतून थुंकू नये. मागच्या खिडकीत कोणाचे तरी तोंड असते. लेकुरवाळी बाई शेजारी बसू लागली तर, "बाई, मला खोकला आहे, आपण पुढे बसा," एवढे म्हणावे. आम्ही जागा करून देण्याऐवजी हे चार शब्द बोललो असतो तर तो खरा सभ्यपणा झाला असता. आणि दवाखान्यात पोहोचल्यावर पुरळ उठलेले मूल घेऊन रांगेत शिरू नये. आधी दाराशी सांगावे.

परंतु एवढ्याने अर्धेच काम होते. मिर्यामेने बाहेर राहावे ही आज्ञा झाली होती. लोकांनी थांबावे अशी आज्ञा झाल्याचे त्या अध्यायात कोठे लिहिलेले नाही. ते थांबले. उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळीत उपासनेस न आलेल्याचे नाव आपण घेतो ते बहुधा तक्रारीच्या सुरात. ज्या रविवारी तापामुळे एखादा घरी राहिला, त्या रविवारी त्याची गैरहजेरी सेवेत धरावी. उपदेशक स्वतः आजारी असेल तर एखाद्या वडिलांनी शास्त्र वाचून प्रार्थना चालवावी. आम्हांवाचून प्रभूचे काम अडते, हा आमचा त्या नाताळातील भ्रम होता. मजूर बाईचा रोज बुडत असेल तर दानपेटीतून आठवडाभराच्या पिठामिठाची सोय करणे हे मंडळीस जड नाही. शोमरोनी मनुष्याने जखमी प्रवाशास आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेच्या रखवालदारास दोन दिनार दिले. आपण चार घरे मिळून रिक्षाचे भाडे देऊ शकतो. सावित्रीबाई फुले ह्यांनी १८९७ च्या प्लेगात एका रोगी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले, व त्याच रोगाने १० मार्च रोजी त्या वारल्या. त्या मुलास दुसरे वाहन नव्हते. आज वाहने आहेत, भाडे तेवढे कोणी द्यावयास हवे.

आमच्या मंडळीतील एका बहिणीची गोष्ट सांगतो. तिच्या भावाचे लग्न गडहिंग्लजच्या बाजूस ठरलेले. तीन दिवस राहिले असता तिच्या मुलास गोवर निघाला. शेजारणी म्हणाल्या, भावाच्या लग्नास पाठची बहीण नाही म्हणजे लोक काय म्हणतील. मुलास शालीत गुंडाळून ने, कोण पाहतो? तिने भावास फोन करून सांगितले आणि ती घरीच राहिली. लग्नाच्या दिवशी ती मागल्या दारी बसून रडली, हे आम्ही जाणतो, कारण आमच्या घरची मंडळी तिला भाकरी पोहोचविण्यास गेली होती. पुरळ जाऊन मूल अंगणात खेळू लागले त्या आठवड्यात नवरानवरी दोघे एस. टी. ने तिच्या घरी आली. वऱ्हाडातील सर्व बायकांस पातळे देऊन झाली होती. बहिणीच्या मानाचे पातळ भावाने घडी न मोडता ट्रंकेत राखून ठेविले होते, ते त्याने तिच्या हाती दिले.