पंधरा वर्षांची सूट

हैदराबादच्या काचीगुड्यात सध्या ‘एपी ११’ पाटीच्या मोटारींचे दिवस भरत आले आहेत. तेलंगण वेगळं व्हायच्या आधी, २०१०-११च्या सुमाराला मलकपेटच्या आरटीए कचेरीत नोंदवलेल्या या गाड्या. चप्पल बाजार, निंबोळीअड्डा, बरकतपुरा, कुठल्याही गल्लीत शिरा, कव्हर घालून उभी असलेली एखादी दिसेलच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी तपासणीला न्यायची आणि पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळवायची. या नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आलं.

आमच्या शेजारच्या काकांना हा शुद्ध अन्याय वाटतो, आणि काका उगाच तक्रार करणाऱ्यांतले नाहीत. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबी. मोटार आठवड्यातून दोनदा बाहेर निघते, एकदा सुलतान बाजारला आणि एकदा मुलीकडे. “अहो, एखादी कॅब वर्षभरात पळते तेवढी माझी गाडी पंधरा वर्षांत पळाली नाही. सर्व्हिसिंग एकदाही चुकवलं नाही. आणि आता मी परीक्षेला बसायचं? तेही पाच हजार मोजून?”

काकांच्या या एका तक्रारीत दोन तक्रारी आहेत. एक परीक्षेविषयीची, दुसरी फीविषयीची. आणि गंमत अशी, की त्यांतली एकच खरी आहे.

आधी फीचं बघू. चौदा वर्षांच्या गाडीचे ब्रेक तपासायला जितकी मेहनत लागते, तितकीच एकवीस वर्षांच्या गाडीचे तपासायला लागते. दिवे तेच, टायर तेच, हॉर्न तोच. मग फी वयाबरोबर का चढते? कारण ही तपासणीची किंमत नाहीच. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात, भंगारात निघाव्यात हे सरकारचं धोरण आहे. १३ ऑगस्ट २०२१ला पंतप्रधानांनी ते वाजतगाजत जाहीर केलं. धोरण वाईट आहे असं मी म्हणत नाही. जुन्या इंजिनाचा धूर शेवटी रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या छातीत जातो. पण मग त्याला कर म्हणा, विधिमंडळात मांडा, त्यावर भांडण होऊ द्या. हाकलायचं आहे आणि पावतीवर ‘शुल्क’ लिहायचं, हा आडमार्ग झाला. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दहा हजार भरून खटारा चालवत राहतो. ज्याच्याकडे नाहीत तो ठणठणीत गाडी मोडीत काढतो. त्यात सुरक्षेचा संबंध कुठे आला?

दिल्लीकरांना विचारा. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा हुकूम लागू झाला, आणि लोकांनी इतका गिल्ला केला की काही दिवसांत सरकारला तो गुंडाळावा लागला. गाडी कशी आहे हे कुणी बघतच नव्हतं. तिचा गुन्हा एवढाच की ती अमुक साली जन्मली. त्यापेक्षा परीक्षा कितीतरी न्याय्य. ती निदान गाडीकडे बघते. तपासणी हवीच कशाला म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की तपासणी गेली तर मोकळीक मिळेलच असं नाही. तिच्या जागी सरसकट वयाची कुऱ्हाडही येऊ शकते.

आता परीक्षेविषयी. काकांनी नेण्याआधी गाडी आमच्याच गल्लीतल्या मेकॅनिकला दाखवली. मी सहज बघत उभा होतो. त्याने मागचं डावं चाक काढलं, ड्रम ठोकून सैल केला आणि खेचला. आतल्या लायनरवर ब्रेक ऑइल उतरलेलं होतं, काळं आणि चिकट. व्हील सिलिंडरचं रबर कडक होऊन चिरलं होतं. “साब, तीनइच पैयों पे रुक री थी गाडी,” तो म्हणाला. काकांचा विश्वास बसेना. ब्रेक तर व्यवस्थित लागत होते! मग त्याने विचारलं, ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते का. काका जरा थांबले. ओढत होती. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना. कारण गाडी उजवीकडे ओढायला लागली तसा त्यांचा हातही आपोआप स्टिअरिंग डावीकडे धरायला शिकला होता.

मला वाटतं, सगळा वाद इथेच सुटतो. तपासणी सक्तीची करताना मालक लबाड आहे असं कुणी गृहीत धरत नाही. मालक सरावलेला असतो, एवढंच. ब्रेक एका दिवसात जात नाही. तो रोज थोडा थोडा जातो आणि पाय रोज थोडा थोडा जास्त दाबतो. गाडीचा दोष ज्याला सगळ्यात उशिरा कळतो तो माणूस म्हणजे तिचा रोजचा चालक. म्हणून परकं माणूस लागतं, किंवा यंत्र. स्वयंचलित चाचणी केंद्रात गाडीची चाकं दोन रुळांवर उभी करतात, रूळ चाक फिरवतात, ब्रेक दाबायला सांगतात आणि प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजतात. डाव्या-उजव्यातला फरक पडद्यावर आकड्यात दिसतो. काकांचा सरावलेला हात तिथे मधे येऊ शकत नाही. आणि गाडी कमी पळते ही सबबही फारशी टिकत नाही. उभ्या गाडीचं रबर कडक होतं, टायरला भेगा जातात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं.

त्यातून ती गाडी एकट्या काकांची असली तरी ती एकट्या काकांसमोर थांबायची नसते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत तीस हजारांहून जास्त लोक पायी चालणारे होते. त्यांनी कुठल्याच गाडीची सर्व्हिसिंग बुकं पाहिलेली नव्हती. यातले बहुतेक बळी अतिवेगाचे आहेत, ब्रेकचे नव्हेत, हे खरं. पण वेगात असलेल्या गाडीलाही शेवटी ब्रेकच लागतो.

इथवर काका आणि मी जवळजवळ एकमतावर आलो होतो. मी एक प्रश्न विचारला आणि ते बिनसलं. तो प्रश्न होता: गेली पंधरा वर्षं तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

काचीगुडा स्टेशनवर पहाटे मराठवाड्याकडून गाडी आली की बाहेर ऑटोंची रांग लागते. निजामाच्या काळातली, १९१६ची ती घुमटांची इमारत, आणि तिच्यासमोर नांदेड-परभणीची बोचकी उचलायला धावणारे ऑटोवाले. त्या रांगेतल्या प्रत्येक ऑटोला नियम वेगळा आहे. ते व्यावसायिक वाहन. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दर वर्षी. तपासणीचा दिवस म्हणजे कमाई बुडाली. त्याआधी रंग, सीट, हूड, दिवे ठीक करण्याचा खर्च. मुदत उलटली तर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क, महिन्याला दीड हजार. याच ५० रुपयांविरुद्ध १९ मे २०२२ला तेलंगणातल्या ऑटो, कॅब आणि लॉरीवाल्यांनी बंद पाळला होता. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये महालक्ष्मी योजनेत बायकांना आरटीसी बसचा प्रवास मोफत झाला. योजना चांगलीच आहे, पण ऑटोवाल्याची सवारी त्या बसमध्ये चढून गेली. फिटनेसची तारीख मात्र जागच्या जागी राहिली.

आणि आपण? आपण खासगी मोटारवाले. पंधरा वर्षांत पीयूसीच्या नळीखेरीज आपल्या गाडीला सरकारी हात लागत नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षं झाली की दर वर्षी तपासणी, जपानमध्ये तीन आणि मग दर दोन वर्षांनी. आपल्याकडे कारखान्यातून निघालेली मोटार एकदा रस्त्यावर आली की मुलगा दहावीला जाईपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती कितीही पळो, तिला कितीदाही ठोकर बसो. व्यावसायिक गाडी जास्त पळते, म्हणून तिला जास्त वेळा तपासायचं, हे मान्य. पण दर वर्षी आणि पंधरा वर्षांतून एकदा, हे अंतर किलोमीटरचं राहत नाही. ते माणसामाणसांतलं होतं. ज्याची गाडी पोटासाठी आहे त्याच्यावर संशय, ज्याची सोयीसाठी आहे त्याच्यावर विश्वास. सक्तीची तपासणी मोटारमालकावर अन्याय करते का, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे, की अन्याय आहे, पण आपण समजतो त्या दिशेने नाही.

काकांना हे पटलं नाही. “म्हणजे मलाही दर वर्षी रांगेत उभं करा म्हणता?” मी म्हटलं, दर वर्षी नको, पण पाचव्या वर्षी का नको? त्यावर काकांनी जे विचारलं त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. “आणि तपासणार कोण?”

हा खरा नाजूक मुद्दा. आपल्याकडे फिटनेस म्हटलं की आधी ब्रोकर आठवतो. गाडी घरी, कागद पास, हे हैदराबादेत काय किंवा पुण्यात काय, कुणाला नवं नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच प्रकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ब्रेक तपासायचे तर गाडीला वेग घ्यायला जागा हवी. न्यायालयाने २०१६ मध्ये राज्यभर २५० मीटरचे चाचणी पथ बांधायला सांगितलं आणि पुढे, जिथे पथ नाही तिथलं फिटनेसचं काम थांबवायला लावलं. २०१८ मध्ये डझनावारी निरीक्षक निलंबित झाले. म्हणजे त्याआधी वर्षानुवर्षं ब्रेक ‘पास’ होत होते, ते गाडी न पळवताच. हैदराबादहून बंगळुरूला निघालेली खासगी स्लीपर बस २४ ऑक्टोबर २०२५ला पहाटे कर्नूलजवळ जळाली, एकोणीस प्रवासी गेले. तिचं फिटनेस प्रमाणपत्र वैध होतं. आग लागायला रस्त्यात पडलेली दुचाकी कारण झाली हे खरं, पण आसनांची म्हणून नोंदलेली बस स्लीपर होऊन धावत होती हेही पुढे आलं. कागदाने मग तपासलं काय?

म्हणून २०२१च्या केंद्रीय नियमांतली एक तरतूद मला फीच्या कोष्टकापेक्षा फार मोलाची वाटते. स्वयंचलित चाचणी केंद्राने फक्त तपासायचं. दुरुस्ती, गाड्यांची किंवा सुट्या भागांची विक्री करायची नाही. गाडी नापास झाली म्हणून तिथे कुणाचा खिसा गरम होता कामा नये. नापास झालेल्याला दुरुस्ती करून पुन्हा येता येतं, अपीलही करता येतं. ब्रिटनमध्ये जो गॅरेजवाला तपासतो तोच बहुधा दुरुस्तही करतो आणि तिथले लोक त्यावर सतत कुरकुरतात. या बाबतीत आपला कागदावरचा नियम त्यांच्याहून सरस आहे. तो कागदावरून उतरला म्हणजे झालं.

तपासणारा वेगळा असावा याचं उदाहरण शोधायला काचीगुड्यात राहणाऱ्याला लांब जायला नको. ११ नोव्हेंबर २०१९ला आमच्या स्टेशनातच एमएमटीएस लोकल समोरच्या हंड्री एक्स्प्रेसवर आदळली. लोकलचा चालक केबिनमध्ये तासन्‌तास अडकला होता, नंतर रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. लोकलने सिग्नल ओलांडल्याचं पुढे आलं, म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. पण मला सांगायचं आहे ते निराळं. अशा अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रेल्वेची चूक रेल्वेच्या पगारी माणसाने ठरवू नये, हे शहाणपण आपल्या देशात फार आधी सुचलेलं आहे. रस्त्यावरच्या गाडीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, इतकंच.

आणि तपासणी म्हणजे वरून लादलेला जाच, हेही इतिहासाला धरून नाही. जर्मनीत गाड्या तपासणारी ‘ट्यूफ’ ही संस्था आज घराघरांत माहीत आहे. तिची सुरुवात सरकारने केली नव्हती. १८६५ मध्ये मानहाइमला एका मद्याच्या कारखान्यात बॉयलर फुटला आणि पुढच्याच वर्षी बॉयलरवाल्या मालकांनी स्वतः एकत्र येऊन एकमेकांचे बॉयलर तपासणारी मंडळी उभी केली. उलट टोकाला अमेरिकेतलं टेक्सास. तिथे हैदराबादची निम्मी पोरं नोकरीला आहेत असं आम्हाला वाटतं. त्या राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची सुरक्षा तपासणी रद्द केली. साडेसात डॉलरची फी मात्र नाव बदलून चालू ठेवली. परीक्षा गेली, फी राहिली! काकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा मनापासून हसले.

मला हवं आहे ते याच्या नेमकं उलट. मोटारीची पहिली तपासणी पाचव्या वर्षी, मग दर दोन-तीन वर्षांनी, आणि फी सगळ्या वयांना तीच, तपासायला जेवढा खर्च येतो तेवढी. नापास गाडी महिन्याच्या आत दुरुस्त करून आणली तर दुसऱ्यांदा पैसे नकोत. जुन्या गाड्यांवर कर लावायचा तर तो वेगळा, उघड. आणि ते दिवसाला ५० रुपये. मुदत संपलेला ऑटो रस्त्यावर सापडला तर जबर दंड करा, त्यात काही गैर नाही. पण मालक आजारी आहे, ऑटो दारात उभा आहे, चाक हललेलं नाही, तरी मीटर पडतच राहतं. जो ऑटो कुणाच्या अंगावर जाऊच शकत नाही, त्याच्याकडून सुरक्षेच्या नावाने पैसे घेण्याचं कारण मला परिवहन खात्यातल्या कुणीतरी समजावून सांगावं.